केशहानीची फिर्याद

मनुष्याच्या स्थावर-जंगम जिंदगीपैकी जी वस्तू नाहीशी झाली असता ती कोणी नेली, केव्हा नेली आणि नेली त्या वेळी घरातील मंडळी काय करीत होती, याचा छडा लावण्याची इच्छा अनावर होते, परंतु जिची फिर्याद नोंदवून घेण्यास कोणत्याही ठाण्यात अंमलदार बसलेला नसतो, अशी वस्तू म्हणजे डोक्यावरील केस. पाकीट गेले तर गर्दीवर संशय घेता येतो, छत्री गेली तर पाहुण्यांवर घेता येतो, आणि देवळाबाहेरून चप्पल गेली तर देवदर्शनाचे पुण्य पदरात असल्याचे समाधान तरी उरते. केसांचे तसे नाही. ते उशीवर असतात, कंगव्यात असतात, पंच्याला चिकटलेले असतात, न्हाणीघराच्या जाळीत तर त्यांचा पुंजकाच असतो. म्हणजे सगळा मुद्देमाल घरातल्या घरात सापडतो, आणि चोर तेवढा सापडत नाही.

चोर सापडत नाही म्हणून तपास थांबतो, असे मात्र नव्हे. पुण्यासारख्या शहरात पहिला संशयित पाणी. जन्मभर धरणाच्या पाण्याने न्हालेली माणसे नव्या उपनगरांत राहावयास गेली आणि टँकरच्या व बोअरच्या पाण्याने न्हाऊ लागली की त्यांचे केस जातात, हे मत मी इतक्या सोसायट्यांच्या इतक्या जिन्यांत आणि इतक्या अधिकारवाणीने ऐकले आहे की, त्याच जिन्यांतून त्याच पाण्याने न्हाणाऱ्या स्त्रिया भरघोस वेण्या मिरवीत खाली उतरतात, या पुराव्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये याचे नवल वाटते. दुसरा संशयित हेल्मेट. पुणेकरांनी त्याविरुद्ध आजवर जी कैफियत मांडली आहे, तीत केस जातात हे कलम ठळक असते. त्यानंतर शांपू, जागरणे, बाहेरचे खाणे आणि काळजी हे चौघे ओळीने उभे केले जातात. परंतु बारकाईने पाहिले असता असे आढळते की, प्रत्येक साक्षीदाराचा संशयित तपासापूर्वीच ठरलेला असतो आणि ज्याचे त्याच्याशी पूर्वीपासून बरे नाही, तोच नेमका केसांचाही वैरी निघतो. आईच्या मते लग्नाआधी मुलाचे केस असे नव्हते, आणि हे विधान ती कोणाचेही नाव न घेता, भाजी निवडता निवडता करते. पत्नीच्या मते सासरच्या बैठकीतील भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्यावर हा प्रश्न पडण्याचे कारणच उरत नाही. कचेरीतील सहकाऱ्यांच्या मते हे साहेबांचे कर्तृत्व आहे. आणि साहेबांच्या मते रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइल पाहत बसणाऱ्यांचे दुसरे काय होणार!

ज्याच्या डोक्यावर हे अरिष्ट आलेले असते, त्याला त्याची वार्ता सर्वांच्या शेवटी आणि तीही केशकर्तनालयात लागते. केस कापून झाल्यावर मानेमागे दुसरा आरसा धरून ‘बघा साहेब’ म्हणण्याची जी रीत आहे, ती वास्तविक मानेवरची रेषा सरळ आली आहे हे दाखविण्यासाठी. आणि सभ्य गिऱ्हाईक त्या आरशाकडे न पाहताच मान डोलावते. अशी वर्षानुवर्षे मान डोलावीत आलेला गृहस्थ एके दिवशी चुकून त्या आरशात पाहतो, आणि टाळूवरचा रुपयाएवढा मोकळा भाग त्याच्या प्रथमच दृष्टीस पडतो, जो घरातील सर्वांना, बसमध्ये मागे उभे राहणाऱ्या उतारूंना आणि वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना केव्हाच ठाऊक झालेला असतो. मी आरशात जरा अधिक वेळ पाहतो आहे हे ध्यानी येताच आमचा कारागीर माझ्या अंगावरचे फडके झटकीत, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावे तशा हलक्या आवाजात म्हणाला, “जरा विरळ झालंय, साहेब. सगळंच बारीक करून टाकू का? मग कळत नाही.”

‘मग कळत नाही’ या तत्त्वावर जगातील अर्धी केशरचना उभी आहे, असे मला इतिहास चाळल्यावर दिसून आले. रोमचा ज्यूलियस सीझर हा टाळूवरचे तुरळक केस पुढे विंचरून घेत असे, आणि सिनेटने त्याला जे अनेक मानमरातब दिले त्यांपैकी लॉरेलच्या पानांचा मुकुट सदैव धारण करण्याची मुभा त्याला सर्वांत प्रिय होती, असे त्याचा चरित्रकार सुएटोनियस लिहून गेला आहे. ज्याने गॉल जिंकले त्याला कपाळ जिंकता आले नाही. आमच्याकडे मुकुटाची सोय नसल्यामुळे भांगावर भिस्त ठेवावी लागते. तो प्रथम डावीकडे असतो, मग भुवईच्या टोकाशी येतो, आणि पन्नाशीच्या सुमारास कानालगत स्थिर होतो. त्या कानापासून या कानापर्यंत नेलेल्या दहा-वीस लांब केसांची व्यवस्था पंख्याखाली बसेपर्यंत उत्तम चालते. जग मात्र फसत नाही. मंडईतील जी भाजीवाली काल-परवापर्यंत ‘दादा, कोथिंबीर घेऊन जा’ म्हणत होती ती एका सकाळी ‘काका’ म्हणते, आणि त्यावर अपील करता येत नाही.

आमच्या पणजोबांना ही विवंचना नव्हती. त्यांच्या काळी पुरुषाने डोक्याचा बराचसा भाग स्वतःहोऊन वस्तऱ्याच्या स्वाधीन करावयाचा, शेंडीपुरते केस राखावयाचे आणि त्यावर पगडी ठेवावयाची, असा शिरस्ता होता. अशा व्यवस्थेत निसर्गाने जे न्यावे ते न्हाव्याने आधीच नेलेले असे, आणि जे उरे ते पगडीखाली कोणाला दिसत नसे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले या थोर पुरुषांच्या मतांविषयी महाराष्ट्रात रक्त आटेपर्यंत वाद झाले; पण त्यांपैकी कोणाचे केस दाट होते आणि कोणाचे विरळ, यावर दोन पक्ष पडल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. पगडी गेली, टोपी आली, तोवरही निभावले. पुढे टोपीही खुंटीवर गेली, पुरुष उघड्या डोक्याने रस्त्यावर हिंडू लागले, आणि तेव्हापासून कपाळाची उंची ही बुद्धीऐवजी वयाची निशाणी ठरली.

उघड्या पडलेल्या डोक्याला सल्ला देणारे मात्र सर्व काळी होतेच. इजिप्तमधील एबर्स पपायरस या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय लेखात टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून चोळावी, असा उपाय दिलेला आहे. तो वाचून मला त्या औषधाच्या गुणाविषयी नव्हे, तर ते जमा करणाऱ्या शागिर्दाच्या प्रकृतीविषयी काळजी वाटली. आमच्या आयुर्वेदाने ‘खालित्य’ आणि ‘इंद्रलुप्त’ अशी नामावली करून ठेवली, आणि आमच्या घराघरांतील आत्याबाईंनी माका, जास्वंद, आवळा, ब्राह्मी आणि कढीपत्ता लोखंडी कढईत कढवून जे काळेशार तेल सिद्ध केले, त्याने केस वाढोत न वाढोत, उशीचे अभ्रे मात्र कायमचे कामातून गेले. हल्ली कांद्याच्या रसाचा बोलबाला आहे. त्याच्या समर्थनार्थ ज्या प्रयोगाचा हवाला देतात, तो इराकमधील डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला छोटेखानी प्रयोग चाईवरचा होता, म्हणजे डोक्यावर अचानक गोल चट्टा पडून केस जातात त्या विकारावरचा. परंतु हा बारकावा सांगेपर्यंत सांगणाऱ्याच्या हातात किसणी आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेले असते.

या सर्व सल्लागारांत एक गुण समान असतो, तो म्हणजे खात्री. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, रिक्षाच्या पाठीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर एका बाजूस उजाड व दुसऱ्या बाजूस घनदाट अशी एकाच डोक्याची दोन चित्रे छापून ‘हमखास’ हा शब्द जे वापरतात, त्यांना बहुधा ठाऊक नसते, किंवा चांगलेच ठाऊक असते, की आमच्या सरकारने या हव्यासाची दखल फार पूर्वी घेऊन ठेवली आहे. औषधांविषयीच्या १९४५ सालच्या नियमांना ‘जे’ नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये अशा व्याधींची ती यादी असून, तीत टक्कल हे अंधत्वाच्या अगदी शेजारी बसविलेले आहे. केसांचा रंग पालटणे आणि नवे केस उगवणे यांसाठी स्वतंत्र कलम आहे. उंची वाढविणे आहे. बुद्धीची कुवत व स्मरणशक्ती वाढविणे हेही आहे. मानवजातीच्या अपुऱ्या इच्छांचे इतके संक्षिप्त आणि इतके निर्विकार टाचण एखाद्या तत्त्वज्ञालाही करता आले नसते.

सरकारने ज्याची आशा धरू नये असे सांगितले, त्याच कामासाठी मी अखेर त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. अशा दवाखान्याचे प्रतीक्षागृह पाहण्यासारखे असते. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमे असतात ती तरुण मंडळी मान खाली घालून बसतात, आणि ज्यांच्या डोक्यावर केस नसतात ती आमच्यासारखी मंडळी मान ताठ धरून बसतात. कारण मान खाली घालणे हेच तर आम्हांस परवडत नाही. कॉलेजात जाण्याच्या वयाची दोन मुले दाराकडे पाठ करून, भर उन्हाळ्यात लोकरी टोपी घालून बसली होती. समोरच्या प्रत्येक पुरुषाचा डोळा शेजाऱ्याच्या कपाळावर होता आणि आपल्यापेक्षा अधिक उजाड कपाळ आढळले की त्याच्या मुद्रेवर एक दयाळू समाधान पसरत होते. स्वागतकक्षातील मुलीने दिलेल्या कागदावर नाव, वय आणि तक्रार असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात पाण्यापासून साहेबांपर्यंत सर्व प्रतिवादींची नावे लिहिण्याचा मला मोह झाला होता. पण जागा बोटभरच होती.

डॉक्टरबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दिवा लावला आणि म्हणाल्या, “काका, जरा मान खाली घाला.” जे मस्तक मी वरिष्ठांपुढे, कर्जाऊ रक्कम देणाऱ्यांपुढे आणि वादात हरल्यावरही सहसा झुकविले नव्हते, ते या एका वाक्यासरशी त्यांच्या टेबलाच्या कडेला टेकले. त्यांनी निरनिराळ्या ठिकाणचे पन्नास-साठ केसांचे झुबके बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिले आणि हाती किती येतात ते पाहिले. नंतर डर्मोस्कोप नावाचे एक भिंगाचे उपकरण टाळूवर टेकवून त्यांनी मला शेजारचा पडदा पाहावयास सांगितले. एकेका छिद्रातून जिथे दोन-दोन, तीन-तीन केस निघावेत, तिथे एकेकच निघाला होता. काळ्याभोर जाड केसाला खेटून धुराच्या रेषेइतका बारीक केस उभा होता, आणि त्याच्या पलीकडे नुसतीच लव होती. मग तेच भिंग त्यांनी मानेच्या वर, डोक्याच्या मागल्या भागावर नेले. तिथे सगळे कसे पूर्वीसारखे, ऐन विशीतल्यासारखे होते. ज्या भागाकडे मी आयुष्यात कधी पाहिले नाही, ज्याला कधी तेल लावले नाही, तो भाग निष्ठेने जागच्या जागी उभा होता.

त्यानंतर जबानी झाली. गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप येऊन गेला काय, वजन उतरले काय, थायरॉइड आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, गळती अचानक सुरू झाली की हळूहळू. टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठी शस्त्रक्रिया यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सबंध डोक्याचे केस एकाएकी गळू लागतात, आणि ते बहुधा आपोआप परतही येतात, असे त्यांनी सांगितले. तेव्हा आपणांस चांगला सणसणीत ताप कसा आला नाही, याची मला खंत वाटली. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, त्यांपैकी पन्नास ते शंभर रोज गळणे हा निसर्गाचा नेमच आहे. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. माझ्याकडे दुसरा येत होता, पण प्रत्येक खेपेस आधीच्यापेक्षा बारीक आणि अल्पायुषी येत होता.

आता वेळ आली आहे असे पाहून मी माझे संशयित एकेक करून पुढे केले. पाणी? “नाही.” हेल्मेट? “नाही. आणि हेल्मेट घाला, डोकं राहिलं तर केसांचं बघू.” तेल लावणे सोडले म्हणून? “तेलानं केस मऊ राहतात. उगवत नाहीत, जातही नाहीत.” काळजी? “फार मोठ्या धक्क्यानं काही महिने गळतात, पण ते असे ठरावीक जागेचेच जात नाहीत.” वारंवार बारीक कापल्याने, गोटा केल्याने दाट होतील काय? “नाही.” सगळे आरोपी असे निर्दोष सुटत असल्याचे पाहून मला वाटलेली निराशा मी शब्दांत सांगू शकत नाही. केस गेल्याचे दुःख माणूस सोसतो; परंतु ते नेणारा कोणीच नाही, हे ऐकण्यासाठी वर फीही द्यावी लागते, हे सोसणे कठीण.

कोणीच नाही, असे म्हणणे अर्थात पूर्ण खरे नव्हे. “घरी कोणाकोणाला आहे?” या प्रश्नाने बाईंनी अखेर आरोपीच्या पिंजऱ्यात जे उभे केले ते माझेच पूर्वज निघाले. पुरुषी टक्कल आईकडून येते आणि मामाच्या डोक्याकडे पाहून भाच्याचे भविष्य सांगावे, असा समज आहे, आणि तो अर्धा खरा आहे. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. परंतु या कामी हातभार लावणारी आणखी पुष्कळ जनुके आहेत आणि ती वडिलांकडूनही येतात. हा निवाडा घेऊन मी घरी आलो, तेव्हा आमच्या मातोश्रींनी त्यातील उत्तरार्ध आणि आत्याबाईंनी पूर्वार्ध उचलून धरला, आणि लग्नाचे जुने अल्बम माळ्यावरून खाली आले. दोन्हीकडच्या मांडवात, अक्षता टाकणाऱ्या पुरुषांच्या रांगेत, फोटोवाल्याचा फ्लॅश इतक्या डोक्यांवरून परावर्तित झाला होता की कोणत्याही पक्षाला डिक्री मिळणे शक्य नव्हते.

या पुरुषी संप्रेरकाची कथा मोठी उद्बोधक आहे. खोजांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण हिपॉक्रेटिसच्या नावे असलेल्या सूत्रांत सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच नोंदविलेले आहे. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली ते शास्त्रीय पद्धतीने पडताळले: ज्या पुरुषांच्या शरीरात तारुण्यापूर्वीच पुरुषी संप्रेरक बनणे थांबले त्यांचे केस शाबूत राहिले, आणि ते संप्रेरक बाहेरून दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे जाऊ लागले. म्हणजे टकलावरचा एकमेव हमखास प्रतिबंधक उपाय मानवजातीला चोवीस शतके ठाऊक आहे, आणि तो करून घेण्यासाठी रांग लागल्याचे कोठेही नमूद नाही. पुढे असे निष्पन्न झाले की या संप्रेरकापासून, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून, शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे जे द्रव्य तयार होते ते टाळूवरच्या केसांच्या मुळांना आक्रसून टाकते. आणि चमत्कार असा की, तेच द्रव्य दाढीच्या केसांना बळ देते. चाळिशीनंतरच्या पुरुषाने आपली दाढी, छाती आणि कानांच्या पाळ्या नीट न्याहाळल्या तर त्याच्या ध्यानी येईल की त्याचे केस बडतर्फ झालेले नाहीत. त्यांची बदली झाली आहे, आणि तीही गैरसोयीच्या ठिकाणी.

आता औषधे. बाईंनी दोन सांगितली, आणि दोन्ही मुळात भलत्याच कामावर निघालेली होती. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचे औषध. १९७९ साली अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली, आणि घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले. तेव्हा औषध कंपनीने तो दोष डोक्यावर नेऊन लावला आणि १९८८ साली त्याचे टाळूला लावण्याचे द्रावण बाजारात आले. फिनास्टराइडचे मूळ डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही खेड्यांत आहे. तिथल्या काही घराण्यांतील पुरुषांत वर सांगितलेले द्रव्य बनविणारे एन्झाइम जन्मतःच कमी असते. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते आणि टक्कल पडत नाही, हे १९७४ पासूनच्या संशोधनात पुढे आले. त्यावरून निघालेली गोळी १९९२ साली प्रोस्टेटच्या विकारासाठी आली, आणि १९९७ साली तीच, पाच मिलिग्रॅमची एक करून, टकलासाठी. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या एवढ्या जुन्या दुःखावर विज्ञानाने मुद्दाम म्हणून काही केले असते तर बरे वाटले असते. जे मिळाले ते वाटेत सापडले.

त्यांचे नियम मात्र एखाद्या तहनाम्याइतके कडक. द्रावण कोरड्या टाळूला रोज लावावयाचे, केसांना नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिकच गळतात, कारण जुने केस नव्यांना जागा करून देतात. तेव्हा घाबरून औषध बंद करावयाचे नाही. गुण दिसावयास चार ते सहा महिने लागतात, आणि औषध थांबविले की जे मिळाले ते पुढल्या काही महिन्यांत परत जाते. घरात मांजर असेल तर तिला त्या डोक्याजवळ व उशीजवळ येऊ द्यावयाचे नाही, कारण मिनॉक्सिडिल चाटल्यास तिच्या जिवावर बेतते. गोळीच्या बाबतीत बाईंनी खुर्चीत सरसावून बसत, काही पुरुषांत कामेच्छा कमी होते, काहींच्या मनावर औदासीन्य येते, असे काही जाणवल्यास लपवू नका, आणि प्रोस्टेटची रक्ततपासणी करावयाची झाली तर ही गोळी चालू असल्याचे तिथल्या डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण तिच्यामुळे आकडा निम्म्यावर येतो, असे एका दमात आणि डोळ्यांत डोळे घालून सांगितले. पुतणीच्या वयाच्या मुलीकडून हे ऐकताना मी भिंतीवरील त्वचेच्या थरांचे चित्र फार एकाग्रतेने पाहत होतो.

केशरोपणाचाही विषय निघाला. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५९ साली सिद्ध केले की मागल्या भागाचे केस पुढे लावले तरी ते आपला मागलाच स्वभाव राखतात आणि गळत नाहीत. सारी विद्या एवढ्यावर उभी आहे. परंतु तीत नवा केस एकही निर्माण होत नाही, मागचेच पुढे येतात. आणि रोपण झाल्यावरही उरलेल्या मूळच्या केसांसाठी औषध चालू ठेवावे लागते, हे जाहिरातीत बारीक अक्षरातही नसते. “तुम्हाला आत्ता गरज नाही,” बाई म्हणाल्या, “टक्कल मोजायच्या हॅमिल्टन-नॉरवुड पट्टीच्या सात पायऱ्यांत तुम्ही तिसरीच्या पुढे थोडे आहात. गॅरंटी मी देत नाही. आहेत ते टिकवू. थोडे जाड झाले तर नफा. आणि उन्हात जाताना टाळूला सनस्क्रीन किंवा डोक्याला टोपी.” भर्तृहरीच्या नीतिशतकातला तो टकला उन्हाने पोळून झाडाखाली गेला आणि वरून फळ पडून त्याचे डोके फुटले, हे दैवगतीचे उदाहरण म्हणून आम्ही शाळेत शिकलो, त्याला वेळीच हा सल्ला मिळाला असता तर संस्कृत वाङ्मय एका सुभाषिताला मुकले असते.

काही महिन्यांनी फेरतपासणी झाली. बाईंनी पहिल्या खेपेस काढलेला फोटो आणि ताजा फोटो शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मी पुष्कळ न्याहाळले, मला दोहोंत तिळमात्र फरक दिसेना. “बघा!” त्या उत्साहाने म्हणाल्या, “काहीच फरक नाही! फार छान!” ज्या विद्येत काहीही न घडणे हा विजय गणला जातो, ती विद्या मला त्या क्षणी प्रथमच कळली. मी नुकसानभरपाईची मागणी घेऊन गेलो होतो आणि ‘जैसे थे’चा हुकूम घेऊन परतलो, परंतु कोर्टकचेरीचा अनुभव असलेले लोक सांगतील की, वेळेवर मिळालेला ‘जैसे थे’ हा पुष्कळदा अखेरच्या निकालाहून मोलाचा असतो.

अडचण एवढीच की असा हुकूम कोणालाच आवडत नाही. ‘टिकवू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या दारातून उठून ‘उगवू’ म्हणणाऱ्याच्या दारात जाणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तिथून महागड्या बाटल्यांची पिशवी घेऊन परतताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असते तेही पाहिले आहे. दरम्यान तीन-चार वर्षे जातात आणि टिकविण्याजोगे जे होते तेही जाते; कारण जिथे लवसुद्धा उरली नाही, तिथे औषधाला धरावयास काही नसते. हा विकार जिवाला अपाय करीत नाही, तेव्हा औषध न घेता टक्कल जसे येईल तसे येऊ देणे हाही शहाणपणाचाच मार्ग आहे, आणि तो पत्करणाऱ्यांना बाईही कधी आग्रह करीत नाहीत. आग्रह करतो तो विक्रेता. तेव्हा ज्या वाचकांच्या उशीवर हल्ली केस सापडू लागले आहेत, त्यांना माझे सांगणे असे की, आरोपी शोधण्यात वर्ष घालवू नये, पदवीधर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा, आणि औषध लिहून दिल्यावर ते किती दिवस घ्यावयाचे, एवढे विचारावे. ‘तीन महिन्यांत कायमचा बंदोबस्त’ असे उत्तर आले तर चपला घालाव्यात; आणि ‘केस हवे असतील तोवर’ असे आले तर सल्ला प्रामाणिक आहे असे समजून फी मुकाट्याने द्यावी.